ब्रेकर वायरला राखतो, माणसाला नाही: दुरुस्तीच्या शेडला वीज नेण्याआधी वाचा



१ जूनपासून मासेमारी बंदी. ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस ट्रॉलर किनाऱ्याला, आणि याच ६१ दिवसांत आपली वर्षभराची दुरुस्ती. इंजिन खोलायचं, शाफ्ट आणि पंखा काढायचा, विंचला वेल्डिंग करायचं, तळ घासायचा, बॅटऱ्या चार्ज करायच्या. बाहेर पाऊस कोसळतोय, खाली जमीन ओली, हात ओले, पायात चप्पल असली तर असली. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त विजेचं काम आपण वर्षातल्या सगळ्यात ओल्या दिवसांत करतो.

हल्ली बऱ्याच सभासदांनी घरामागे किंवा जेटीजवळ दुरुस्तीसाठी वेगळी शेड उभी केली आहे. चांगली गोष्ट आहे. पूर्वी खोपीत जाळी आणि होडी राहायची, विजेचा संबंध एका बल्बपुरता. आता त्याच जागी वेल्डिंग मशीन आलं, कॉम्प्रेसर आला, ग्राइंडर आला. पण शेड बांधताना पत्रा कितीचा, चिरे किती लागतील याचा हिशेब होतो, विजेचा विचार मात्र सगळ्यात शेवटी. "घरातून एक वायर ओढून घेऊ, बघू पुढे," असं म्हणून काम उरकतं.

संस्थेच्या कार्यालयात मग दोन प्रश्न येतात. "शेडला कितीचा ब्रेकर लावायचा?" आणि "ब्रेकर सारखा पडतो, मोठा लावला तर चालेल ना?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही चालणार. का नाही, ते नीट समजलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपलं आपल्याला काढता येतं. पोस्ट मोठी आहे, पण निवांत वाचा आणि घरात ज्याच्या हाती विजेचं काम आहे त्याला वाचायला द्या.

*ब्रेकरचं काम काय?*

एमसीबी, म्हणजे आपला साधा ब्रेकर, हा वायरचा राखणदार आहे. वायर जेवढा करंट सोसू शकते त्याच्यापेक्षा जास्त जायला लागला की त्याने पडायचं, एवढंच त्याचं काम. तो मशीन वाचवायला नाही, आणि माणूस वाचवायला तर नाहीच.

आता समजा शेडला २.५ एमएमची तांब्याची वायर नेली आहे. ती पाइपातून साधारण २० अँपिअरच्या आसपास सोसते, म्हणून तिच्यावर १६ चा ब्रेकर योग्य. वेल्डिंग सुरू केलं की तो पडतो. कोणीतरी सांगतं, ४० चा टाक. टाकला, आणि ब्रेकर पडायचा थांबला. सगळे खूश. पण वायर तीच आहे. आता तिच्यातून ३५ अँपिअर दिवसभर गेले तरी ४० च्या ब्रेकरला त्यात काही गैर दिसत नाही. वायर मात्र पाइपात तापत राहते, इन्सुलेशन कडक होतं, फुटतं, आणि एक दिवस पत्र्याखाली ठिणगी पडते. शेडमध्ये काय असतं? डिझेलचे कॅन, रंग, थिनर, नायलॉनची जाळी. पुढचं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. ४० चा ब्रेकर ४१ ला पडत नाही. या ब्रेकरचं प्रमाण असं असतं की आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत तो तासभर पडू नये आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडावा. म्हणजे ४० चा ब्रेकर ४५ अँपिअर तासभर आरामात सोडतो, आणि ५८ अँपिअरलाही पडायला बराच वेळ घेऊ शकतो. तेव्हा वायर कायम ब्रेकरपेक्षा थोडी दणकट हवी.

म्हणून क्रम पाठ करून ठेवा: आधी लोड, मग अंतर, त्यावरून केबल, आणि सगळ्यात शेवटी ब्रेकर. आपल्याकडे बहुतेक वेळा हा क्रम उलटा होतो.

*पहिलं काम: यादी करा*

कागद घ्या आणि शेडमध्ये चालणारं प्रत्येक मशीन लिहा. प्रत्येकाच्या नेमप्लेटवर वॅट, एचपी किंवा अँपिअर असतात. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण मोटर आत घेताना त्याहून जास्त घेते, म्हणून नेमप्लेटवर अँपिअर दिले असतील तर तेच धरा. आपल्याकडच्या नेहमीच्या शेडची यादी सिंगल फेजवर, २३० व्होल्टला, साधारण अशी होते:

- इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, ३.१५ एमएमच्या रॉडवर: २२ अँपिअरच्या आसपास
- कॉम्प्रेसर, २ एचपी: ११ अँपिअर
- पाण्याचा प्रेशर वॉशर, २००० वॅट: ९ अँपिअर
- हातातला ग्राइंडर, ८५० वॅट: ४ अँपिअर
- उभी ड्रिल मशीन, अर्धा एचपी: ४ अँपिअर
- २४ व्होल्टचा बॅटरी चार्जर: ३ अँपिअर
- एलईडी ट्यूब आठ आणि पंखे दोन: २ अँपिअर

सगळ्यांची बेरीज ५५. पण सगळी एकदम कधी चालतात? जो वेल्डिंग करतो तोच मध्ये थांबून ग्राइंडर घेतो. ड्रिलचंही तसंच. प्रेशर वॉशर आणि वेल्डिंग एका वेळी चालवायचंच नाही. एकाने पाणी मारायचं आणि दुसऱ्याने शेजारी रॉड लावायचा, हे कुठल्याच शेडमध्ये होता कामा नये. मग एकाच वेळी खरोखर चालू राहणारं काय उरलं? वेल्डिंग २२, आपोआप सुरू होणारा कॉम्प्रेसर ११, रात्रंदिवस लावलेला चार्जर ३, दिवे-पंखे २. बेरीज ३८. म्हणजे या शेडला ४० अँपिअरचा फीडर पुरतो.

तुमच्याकडे दोन माणसं एका वेळी वेल्डिंग करत असतील तर हा आकडा बदलेल. म्हणून शेजाऱ्याच्या शेडचा ब्रेकर बघून आपला घेऊ नका, यादी स्वतःची करा.

यादी झाली की मीटरकडे बघा. ४० अँपिअर म्हणजे ९ किलोवॅटच्या वर. घराचं मंजूर लोड किती आहे ते बिलावर लिहिलेलं असतं, आणि बहुतेकांचं त्यापेक्षा बरंच कमी निघेल. तेव्हा वीज खात्याकडे वाढीव लोडचा अर्ज आधी करायला हवा. शेडमध्ये पैसे घेऊन दुसऱ्यांचीही कामं करत असाल तर तो वापर घरगुती धरला जात नाही, तेही त्याच वेळी खात्यात विचारून घ्या. मंजूर लोडपेक्षा जास्त ओढलं की घराकडची सर्व्हिस वायर आणि मीटरचं टर्मिनल तापतं, आणि तिथे आपला ब्रेकर काही करू शकत नाही.

*दुसरं काम: अंतर मोजा*

घरापासून शेड ४० मीटरवर आहे असं धरू. हे अंतर पावलांनी सरळ रेषेत मोजू नका. केबल भिंतीवरून खाली उतरते, वळसा घेते, पुन्हा वर चढते. टेप घेऊन केबलच्या वाटेनेच मोजा.

वायर लांब झाली की व्होल्टेज वाटेत गळतं, जसं लांब पाइपातून पाण्याचा जोर कमी होतो तसं. ४० मीटरवर, ४० अँपिअर ओढताना, तांब्याच्या केबलमध्ये एवढं व्होल्टेज जातं:

- २.५ एमएम: २९ व्होल्ट (साडेबारा टक्के)
- ४ एमएम: साडेसतरा व्होल्ट (साडेसात टक्क्यांच्या वर)
- ६ एमएम: पावणेबारा व्होल्ट (पाच टक्के)
- १० एमएम: ७ व्होल्ट (तीन टक्के)
- १६ एमएम: साडेचार व्होल्ट (दोन टक्के)

अंतर दुप्पट झालं की गळतीही दुप्पट. ८० मीटरवर १६ एमएमसुद्धा ९ व्होल्ट खाते.

नियमाने दिव्यांपर्यंत एकूण ३ टक्के आणि बाकी मशीनपर्यंत ५ टक्के याच्या वर गळती जाऊ नये. आता फीडरनेच ३ टक्के खाल्ले तर शेडच्या आतल्या वायरिंगला काय उरलं? म्हणून आमचं मत असं की ४० मीटर आणि ४० अँपिअरला १६ एमएम तांबं घ्यावं. अ‍ॅल्युमिनियम घेणार असाल तर २५ एमएम घ्या, गळती जवळजवळ तेवढीच येते. १० एमएम करंट सोसेल, जळणार नाही, पण शेडमध्ये संध्याकाळी ट्यूब मिणमिणतील.

"दोन-चार व्होल्टने काय होतं?" असं वाटेल. पण जेटीकडच्या टोकाला संध्याकाळी व्होल्टेज आधीच उतरलेलं असतं. समजा घरात २१० येतायत. २.५ एमएमने शेडमध्ये पोहोचले १८० च्या थोडे वर. मोटरची सुरू होण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, म्हणजे व्होल्टेज साडेबारा टक्के पडलं की ताकद जवळजवळ पाव हिश्शाने घटते. आणि कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढतो, त्या क्षणी गळती आणखी वाढते. मोटर घुं-घुं करत राहते, उठत नाही, वाइंडिंग तापतं आणि जळतं. मग मेकॅनिकला पैसे देऊन रिवाइंडिंग करून आणायचं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दोष मोटरचा नसतो. मोटरीच्या दोन रिवाइंडिंगच्या पैशांकडे बघा आणि मग जाड केबल महाग वाटते का ते ठरवा.

*बारीक लांब वायरचा लपलेला धोका*

हे जरा नीट वाचा, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं.

आपल्याला वाटतं, शॉर्ट सर्किट झालं की ब्रेकर फट्कन पडणारच. नेहमी तसं होत नाही. बाजारात मिळणारा सी प्रकारचा ब्रेकर त्याच्या आकड्याच्या पाच ते दहा पट करंट आला की तात्काळ पडतो. ४० च्या ब्रेकरला खात्रीने पडायला ४०० अँपिअर लागले. आता ४० मीटर २.५ एमएम वायरचा जाण्या-येण्याचा रोध तापल्यावर ०.७२ ओम होतो. २३० भागिले ०.७२, म्हणजे शेडमध्ये पूर्ण शॉर्ट झाला तरी ३२० अँपिअरच्या आतच. हा करंट ब्रेकरला ताबडतोब पाडेलच याची खात्री नाही. तो गरम होऊन पडायची वाट बघेल, काही सेकंद जातील. तेवढ्या सेकंदांत २.५ एमएमचं इन्सुलेशन वितळून जाईल.

तीच गोष्ट १६ एमएमने: रोध ०.११ ओमच्या आसपास. शॉर्ट झाला की हजार अँपिअरच्या घरात करंट जाऊ शकतो आणि ब्रेकर क्षणात पडतो. जाड केबलने व्होल्टेज तर राखलंच, शिवाय ब्रेकरलाही त्याचं काम करता आलं.

*कुठे कितीचा ब्रेकर?*

घराच्या मेन बोर्डवरून शेडसाठी स्वतंत्र फीडर काढायचा. फ्रिजच्या किंवा पंपाच्या ब्रेकरवरून जोड घ्यायचा नाही. वर घेतलेल्या उदाहरणात:

- घराकडे, फीडरच्या सुरुवातीला: ४० अँपिअर, सी प्रकार, डबल पोल एमसीबी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत.
- शेडच्या डीबीत, केबल येते तिथे: डबल पोल आयसोलेटर, ४० किंवा त्याहून मोठा. काही झालं तर शेडमध्येच एका हाताने सगळं बंद करता आलं पाहिजे. घरापर्यंत धावायला वेळ नसतो. तो दाराजवळ लावा, जाळ्यांच्या ढिगामागे नको.
- वेल्डिंगचा वेगळा सर्किट: ६ एमएम तांबं, ३२ चा ब्रेकर, औद्योगिक सॉकेट. साध्या १६ च्या प्लगमधून वेल्डिंग नको.
- कॉम्प्रेसरचा वेगळा सर्किट: ४ एमएम, २० चा सी ब्रेकर.
- हत्यारांचे सॉकेट: २.५ एमएम, १६ चा ब्रेकर. असे दोन सर्किट ठेवा.
- दिवे-पंखे: १.५ एमएम, ६ किंवा १० चा ब्रेकर. हा सर्किट वेगळा असावा, म्हणजे ग्राइंडरने ब्रेकर पाडला तर फिरत्या चाकाजवळ अंधार होणार नाही.

शेवटच्या सर्किटचा ब्रेकर फीडरपेक्षा लहान ठेवला की शेडमधल्या साध्या ओव्हरलोडला शेडमधलाच ब्रेकर पडतो, घर अंधारात जात नाही.

उद्या मशीन वाढतील असं वाटत असेल तर केबल आजच एक साइज जाड टाका. जाड केबल कधी नुकसान करत नाही. मोठा ब्रेकर करतो.

*माणसाला कोण राखतं?*

इथपर्यंतचं सगळं वायर आणि मशीनसाठी. आता माणूस.

ओल्या अंगाच्या माणसाचा जीव घ्यायला अँपिअर लागत नाही, अँपिअरचा अगदी लहान हिस्सा पुरतो. ४० चा सोडा, ६ चा ब्रेकरसुद्धा त्याला ओळखत नाही. ते काम आरसीसीबीचं. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही, म्हणजे तो कुठेतरी जमिनीत, कदाचित माणसातून, जातोय. हे ओळखून तो पडतो. शेडमधल्या सॉकेटला ३० एमएचा आरसीसीबी हवाच हवा. एमए म्हणजे मिलिअँपिअर, ३० एमए म्हणजे अँपिअरचा तेहतिसावा भाग. त्याने ओव्हरलोड कळत नाही, म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लागतात. दोन्ही कामं करणारा आरसीबीओही मिळतो.

"आमचं अर्थिंग चांगलं आहे, आरसीसीबी कशाला?" हा प्रश्न नेहमी येतो. हिशेब करून बघू. पाइप पुरून केलेल्या अर्थिंगचा रोध १० ओम आला असं धरा. ग्राइंडरच्या किंवा वेल्डिंगच्या बॉडीला फेज लागला. २३० भागिले १०, जमिनीत गेले २३ अँपिअर. फीडरचा ४० चा ब्रेकर हलणारही नाही. मशीनची बॉडी करंट धरून बसेल आणि हात लावणाऱ्याची वाट बघेल. ३० एमएचा आरसीसीबी मात्र पापणी लवायच्या आत पडेल.

आपल्या भागात अर्थिंगचं आणखी एक गणित आहे. जांभ्याच्या जमिनीत पावसाळ्यात अर्थ चांगला येतो, एप्रिल-मेमध्ये जमीन वाळली की रोध चढतो. किनाऱ्याच्या खाऱ्या ओल्या रेतीत अर्थ चांगला मिळतो, पण तीच रेती जीआय पाइप आणि पट्टी खाऊन टाकते. वरून क्लॅम्प दिसतो, खाली पाइप उरलेला नसतो. म्हणून दर वर्षी मे महिन्यात, म्हणजे जमीन सगळ्यात कोरडी असताना, अर्थ टेस्टरने मोजून घ्या.

शेडला अर्थची वायर फीडरसोबत घराकडूनही आली पाहिजे आणि शेडजवळ स्वतःचा अर्थ पिटही हवा. दोन्ही शेडच्या अर्थ पट्टीवर जोडायचे. पण न्यूट्रल आणि अर्थ शेडमध्ये कधीही एकत्र करायचे नाहीत. "अर्थ मिळत नाही, न्यूट्रललाच जोड," असं कोणी सांगितलं तर त्याला हात लावू देऊ नका. वाटेत न्यूट्रल तुटला तर सगळ्या मशीनच्या बॉडीवर फेज उभा राहतो.

आरसीसीबी पावसाळ्यात पडायला लागला की काही जण तो काढून सरळ जोडतात. तो पडतोय म्हणजे कुठेतरी ओल आहे: एक्स्टेंशनच्या पिनमध्ये, ग्राइंडरच्या कार्बनजवळ, बाहेरच्या सॉकेटात. एकेक सर्किट बंद करून शोधा. आणि महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्टचं बटण दाबा. दाबल्यावर पडला नाही तर तो मेलेला आहे, बदला.

होडीवर एक्स्टेंशन नेताना ती नेहमी आरसीसीबीच्या पुढच्या सॉकेटातूनच न्या. वायर तीन कोअरची, जाड रबराच्या आवरणाची, २.५ एमएमच्या खाली नको. रीलवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण सोडून वापरा, गुंडाळीत ती तापते. जोड होडीच्या तळात पडू देऊ नका.

*केबल कशी न्यायची?*

माडाला बांधून आणलेली सर्व्हिस वायर आपल्याकडे सगळीकडे दिसते. माड वाऱ्यात हलतो, वायर ताणते, झावळी पडते. शिवाय खालून ट्रक जातो, ट्रॉलीवरून होडी जाते, तिचा डोल वर लागतो. जमिनीतून आर्मर्ड केबल हाच बरा मार्ग. खोली अडीच फूट, खाली-वर वाळूचा थर, त्यावर विटा किंवा लाद्या, वर इशाऱ्याची पट्टी, म्हणजे उद्या कोणी फावडं मारलं तर आधी पट्टी दिसेल. गाडी जाते तिथे पाइपातून न्या. भरतीचं पाणी येतं ती वाट टाळा. दोन्ही टोकांना ग्लँड लावून आर्मर अर्थला जोडा.

खाऱ्या वाऱ्यासाठी काही साध्या गोष्टी. डीबी समुद्राकडच्या भिंतीवर नको. पेटी पाणी-धूळ न जाणारी, आयपी ६५, शक्यतो प्लॅस्टिकची. केबल खालून आत घ्या, वरून नको. अ‍ॅल्युमिनियमची केबल तांब्याच्या टर्मिनलला थेट लावू नका, खाऱ्या हवेत तो जोड लवकर सडतो; बायमेटल लग लावा. वर्षातून दोनदा, बंदीच्या आधी आणि चवथीनंतर, मेन बंद करून सगळे स्क्रू तपासून घ्या. ढिला जोड तापतो आणि तो ब्रेकरला कळत नाही, कारण करंट वाढलेला नसतो.

*तीन फेज घ्यावं का?*

बर्फ फोडायचं मशीन, मोठा कॉम्प्रेसर, ३ एचपीच्या वरची मोटर असेल तर तीन फेजच बरं. ५ एचपीची तीन फेजची मोटर प्रत्येक फेजवर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, त्यामुळे केबल फार जाड लागत नाही. वर घेतलेली यादी तीन फेजवर वाटली, वेल्डिंग एकावर, कॉम्प्रेसर दुसऱ्यावर, बाकी तिसऱ्यावर, तर चार कोअरची १० एमएम तांब्याची केबल आणि ३२ चा ब्रेकर पुरतो. अर्थची वायर सोबत वेगळी न्यायची.

यात एकच गोष्ट जिवापाड जपायची: न्यूट्रलचा जोड. तीन फेजमध्ये न्यूट्रल गंजून सुटला तर २३० च्या उपकरणांवर ४०० च्या जवळ व्होल्टेज चढू शकतं. चार्जर, ट्यूब, पंखे एका क्षणात जातात.

जनरेटर जोडत असाल तर चेंजओव्हर स्विचशिवाय जोडू नका. दोन्ही बाजूंना प्लग असलेली वायर सॉकेटात खुपसून शेडला वीज देणं म्हणजे खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात फेज देणं. लाइन बंद आहे असं समजून तो काम करत असतो. तोही कोणाच्या तरी घरातला कमावता माणूस आहे.

*कंत्राटदाराला हे विचारा*

हे वाचून कोणी स्वतः मेन बोर्ड उघडायचा नाही. काम परवाना असलेल्या कंत्राटदाराकडूनच करायचं. पण तो येईल तेव्हा आपल्याला काय विचारायचं ते माहीत असावं:

१. माझ्या यादीवरून एका वेळचा करंट किती धरला?
२. केबलच्या वाटेने अंतर किती? त्यावर व्होल्टेज किती पडेल?
३. ही केबल जमिनीत किती अँपिअर सोसते? कंपनीचा तक्ता दाखव.
४. फीडरचा ब्रेकर त्याच्या आत आहे ना?
५. सॉकेटना ३० एमए आरसीसीबी कुठे बसवणार?
६. अर्थ मोजून किती आला? आकडा लिहून दे.
७. न्यूट्रल आणि अर्थ शेडमध्ये वेगळे ठेवलेत ना?

सरळ उत्तरं देणारा माणूस असेल तर काम त्याला द्या. "दादा, चालतं हो, सगळीकडे असंच करतो," एवढंच उत्तर आलं तर दुसरा बघा.

मालीम, कुटबण, शापोरा, कुठल्याही जेटीवर जा, एकेका होडीवर किती घरं चालतात ते आपल्याला माहीत आहे. बंदीच्या काळात शेडमध्ये काम करणारा खलाशी बऱ्याचदा परगावचा असतो, मालकाने दिलेलं मशीन आणि मालकाने लावलेला सॉकेट तो डोळे झाकून वापरतो. त्याच्या हातात ग्राइंडर देण्याआधी ती वायर कुठून आली आणि तिच्यावर काय बसवलंय, हे मालकाने बघायचं असतं.

बंदी सुरू व्हायच्या आधी आपल्या शेडची यादी आणि केबलच्या वाटेचं अंतर कागदावर लिहून संस्थेच्या कार्यालयात या. हिशेब आपण एकत्र बसून करू. आणि शेडमध्ये सारखा पडणारा ब्रेकर असेल तर त्याला मोठा करायच्या आधी तेवढा एक फेरा मारा.

आपला,
सचिव, संस्थेच्या वतीने